जळाले कोण आणि जाळले कोणी?

ज्याने उभ्या जन्मात शब्दरूपावली आणि समासचक्र ह्यांपलीकडे फारसे काही शिकविले नाही, त्याने मोटारीतील ॲम्प्लिफायरच्या दुरुस्तीविषयी लिहावयास बसावे, हे पाहून आमच्या नेहमीच्या वाचकांस हसू आल्यास त्यात त्यांचा दोष नाही. गेल्या महिन्यात ह्याच पृष्ठावर आम्ही मुलांच्या हस्ताक्षराविषयी चार शब्द लिहिले होते, आणि आज पाहावे तो आमच्या बोटांस डाखाचा वास! परंतु घरात जे घडले आणि ज्यातून आम्ही स्वतः काही शिकलो, तेवढेच येथे लिहावयाचे, हा ह्या सदराचा नेम वाचकांस ठाऊक आहे. आणि गेले दीड महिना आमच्या घरात रुसवेफुगवे, अबोला, जागरणे असे जे काही घडले, ते सारे तळहातावर मावेल अशा एका हिरव्या पट्टीभोवती घडले. तिला ड्रायव्हर बोर्ड म्हणतात.

आमचे धाकटे बंधू बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन एका कारखान्यात दीड वर्ष नोकरीस होता. गतवर्षी दसऱ्याच्या सुमारास त्याने ती नोकरी सोडली, आणि वाड्याच्या ओटीवर एक टेबल, एक दिवा व एक मीटर मांडून दुरुस्तीचा व्यवसाय आरंभिला. बंधूंस हे रुचले नाही. ते भांडले नाहीत. भांडणे हा त्यांचा स्वभावच नव्हे. ओटीच्या चौकटीवर पाटी लावण्याचा विषय निघाला तेव्हा, "पाटी लाव हवी तर, पण तिच्यावर घरचं आडनाव नको," एवढेच ते म्हणाले. मुलाने पाटीच लावली नाही.

वैशाखात, ऐन लग्नसराईत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारे एक गृहस्थ काखेत ॲम्प्लिफायर घेऊन आले. प्रवासी मोटार चालवून ते संसार करतात. त्यांची दोन्ही मुले आमच्या हाताखालून गेलेली. "गुरुजी, शनिवारी पहाटे वऱ्हाड घेऊन कोल्हापूरला जायचंय. गाडीत गाणी नसली की लोक पुढच्या वेळी दुसरी गाडी बघतात. तुमच्या शब्दावर इथं टाकतो," असे ते म्हणाले, आणि आम्ही शब्द दिला. शब्द देणारे आम्ही आणि काम करणारा दुसराच, ही गोष्ट त्या वेळी आमच्या ध्यानातही आली नाही.

पुढील मजकूर नीट समजावा म्हणून ह्या पेटीच्या पोटात काय चालते ते सांगणे भाग आहे. पुतण्याने आम्हांस ते समजावून दिले त्यास चार संध्याकाळ लागल्या. वाचक आमच्याहून चलाख असल्यामुळे त्यांस चार परिच्छेद पुरतील.

मोटारीच्या बॅटरीचा दाब १२ व्होल्ट; इंजिन चालू असता तो १४ च्या आसपास जातो. स्पीकर बहुधा ४ ओहमचा. आता १२ व्होल्टांच्या शिखरापर्यंत जाणारा स्वर ह्या स्पीकरला पुरविला, तर शक्ती किती? १२ चा वर्ग १४४. त्यास ४ च्या दुपटीने, म्हणजे ८ ने भागावे. उत्तर १८ वॉट. एवढ्यात वूफर जेमतेम घसा खाकरील. हेच शिखर ५० व्होल्टांवर नेले तर २५०० भागिले ८, म्हणजे ३०० वॉटांहून अधिक. दाब चौपट झाला की शक्ती सोळापट होते, हे वर्गाचे सामर्थ्य. ह्यास्तव पेटीच्या पहिल्या अर्ध्या भागात बॅटरीचा दाब वाढविण्याची व्यवस्था असते. टीएल ४९४ हा १६ पायांचा आयसी पुष्कळ ॲम्प्लिफायरांत हे काम पाहतो. तो सेकंदास हजारो वेळा मॉसफेटांची उघडझाप करवितो, त्यातून निघालेला प्रवाह वर्तुळाकार ट्रान्सफॉर्मरमधून जातो, आणि शेवटी जमिनीच्या वर ५० व खाली ५० असे दोन दाब तयार होतात. दोहोंमधील अंतर १०० व्होल्टांचे झाले! बारा व्होल्टांच्या वस्तूस भ्यावयाचे काय, असे समजून पेटीत बोट घालणाऱ्याने हा हिशेब आधी करावा. बॅटरी सोडविल्यावरही हे दाब मोठ्या कपॅसिटरांत काही काळ दबा धरून असतात, म्हणून पुतण्या प्रथम एक रेझिस्टर लावून ते रिते करतो आणि मीटरने खात्री करून घेतल्यावाचून आम्हांस टेबलाजवळ येऊ देत नाही.

दुसऱ्या अर्ध्या भागात ह्या दाबाचे गाणे होते. जुन्या धर्तीच्या ॲम्प्लिफायरात ट्रान्झिस्टर नळाच्या तोटीप्रमाणे कमीअधिक उघडा राहतो, आणि अर्धवट उघड्या तोटीत पुष्कळ शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. वूफरसाठी हल्ली जो प्रकार वापरतात त्यास क्लास डी म्हणतात. ह्यात मॉसफेट एक तर पूर्ण उघडा, नाही तर पूर्ण बंद. मधल्या अवस्थेत तो रेंगाळत नाही. वरचा मॉसफेट स्पीकरची वाट वरच्या ५० व्होल्टांस जोडतो, खालचा खालच्यास. सेकंदास लाखभर वेळा ही आळीपाळी चालते. वरचा किती काळ उघडा आणि खालचा किती काळ, ह्या प्रमाणात गाणे दडलेले असते. पुढे तारेचे एक वेटोळे व कपॅसिटर मिळून मधली खडखड गाळतात आणि सरासरी तेवढी स्पीकरकडे जाऊ देतात. (ट्रान्झिस्टर बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या डिसेंबरात निर्माण झाला, आणि मॉसफेट त्याच प्रयोगशाळेत १९५९ मध्ये अटाला व कांग ह्या दोघांनी केला. आमच्या वयाच्या आसपासची ही वस्तू आहे, हे कळल्यापासून तिच्याविषयी आम्हांस थोडी आपुलकी वाटू लागली.)

आता ड्रायव्हर बोर्ड. मॉसफेटचे गेट ही एक घागर आहे असे समजावे. तिच्यात १० ते १२ व्होल्ट चढले की वाट उघडते; घागर रिकामी झाली की वाट बंद. सेकंदात लाख वेळा घागर भरावयाची आणि लाख वेळा उपडी करावयाची, तर हाताला जोर हवा. गाण्याच्या नाजूक संकेताच्या अंगी तो जोर नसतो. तो ड्रायव्हर बोर्ड पुरवितो. ह्या पेटीतील बोर्डावर आयआर २११० नावाचा १४ पायांचा आयसी होता. तो क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह देतो व तितकाच ओढूनही घेतो. वरच्या मॉसफेटची अडचण आणखी निराळी. तो उघडला की त्याचा स्वतःचा पायाच ५० व्होल्टांवर चढतो, आणि गेट त्याच्याही वर १० व्होल्ट राहिले पाहिजे. म्हणून डोंगर चढणारा शिदोरी बरोबर नेतो, तसा एक लहान कपॅसिटर खालच्या मुक्कामी भरून घेऊन वर नेला जातो.

परंतु ह्या बोर्डाचे खरे महत्त्वाचे कर्तव्य म्हणजे वरचा व खालचा मॉसफेट एकाच वेळी कधीही उघडे राहू न देणे. एकेरी रुळाच्या रेल्वेवर स्टेशनमास्तराकडून गोळा हाती पडल्यावाचून ड्रायव्हर गाडी हाकीत नसे, ती पद्धत आमच्या पिढीने पाहिली आहे. तसाच येथे एक बंद झाल्यावर, क्षणभर दोन्ही बंद राहून, मग दुसरा उघडतो. हा क्षण सेकंदाच्या दशलक्षांश भागाहूनही लहान असतो. तेवढा चुकला की १०० व्होल्टांचे दोन टोकांस परस्परांशी सरळ लग्न लागते, आणि अक्षता पडण्यापूर्वी मॉसफेट भस्म होतात.

आता मूळ हकीकतीकडे येऊ. गुरुवारी रात्री पुतण्याने पेटी उघडली. शेवटच्या भागात चार मॉसफेट, दोन वर, दोन खाली, जोडीजोडीने. त्यांतील एक वरचा आणि एक खालचा आरपार शॉर्ट झालेले निघाले. शुक्रवारी दुपारी तो बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या बाजूस जाऊन दोन नवे घेऊन आला आणि ते बसविले. गेटांचे रेझिस्टर जागच्या जागी मोजले, ठीक दिसले. पेटी वाजू लागली. तरी तो समाधानी दिसेना. "काका, दोन मॉसफेट गेले ते का गेले हे कळलं नाही. ड्रायव्हर बोर्ड काढून तपासतो, उद्याचा दिवस लागेल," असे तो म्हणाला.

आम्ही त्यास काय उत्तर दिले ते येथे लिहिताना लेखणी अडखळते. आम्ही म्हणालो, "वाजतंय ना? मग झालं. माणसानं शब्द पाळावा." चाळीस वर्षे वर्गात "उत्तर बरोबर आले, पण रीत दाखव" म्हणून मुलांच्या वह्यांवर तांबड्या शाईने लिहिणारे ते आम्हीच. मुलाने मान खाली घातली आणि रात्री दहा वाजता पेटी नेऊन दिली.

शनिवारी खंबाटकीचा घाट उतरून मोटार पुढे गेली आणि मागच्या डिकीतून जळकट वास येऊ लागला. मोटार थांबवून पाहतात तो ॲम्प्लिफायर मुका, आणि बॅटरीजवळचा फ्यूज उडालेला. तो उडाला म्हणून बरे! पूर्वी कोणा कारागिराने त्या जागी तारेचा तुकडा गुंडाळून ठेवला होता. पुतण्याने पेटी परत बसविताना तो काढून टाकला आणि बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत योग्य मापाचा फ्यूज घातला होता. तार तशीच असती तर डिकीत आणि तिच्यापुढील आसनांवर बसलेल्या मुलाबाळांत काय अंतर उरले असते, ह्याचा विचार आम्ही आजही पुरा करू शकत नाही. वऱ्हाडाने पुढील वाट भेंड्या लावीत काढली, असे मागाहून समजले.

सोमवारी ते गृहस्थ आले. त्यांनी आवाज चढविला नाही, ह्याचेच आम्हांस अधिक लागले. "गुरुजी, तुमच्या शब्दावर दिला होता," एवढे बोलून पेटी ओटीवर ठेवली. बंधू झोपाळ्यावर होते, त्यांनी ऐकले. रात्री जेवताना ते मुलास म्हणाले, "कारखान्यात परत घेतील का, विचारून पाहा." मुलाने "बरं" म्हटले. त्याने "काकांनीच घाई केली" असे म्हणावे म्हणून आम्ही मनातून वाट पाहत होतो, आणि तो म्हणेना म्हणून स्वतःही गप्प बसलो. आमच्या कुटुंबाने ताटावरून एकदा आमच्याकडे पाहिले. तिला शुक्रवारचे संभाषण ऐकू गेले होते.

दुसरी दुरुस्ती आठ दिवस चालली, आणि ह्या खेपेस भिंग व दिवा धरण्याचे काम आम्ही मागून घेतले. काम पाहता पाहता आम्हांस माधवकराच्या ग्रंथाची आठवण होऊ लागली. रोगविनिश्चयाचा तो ग्रंथ. त्याच्या आरंभीच निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती ही रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत. फ्यूज उडणे, मॉसफेट जळणे हे झाले रूप. पूर्वरूप काय होते म्हणून पुतण्याने त्या गृहस्थांस फोन करून विचारले, तेव्हा एक गोष्ट निघाली जी पहिल्या खेपेस कोणी विचारलीच नव्हती: जळण्यापूर्वी काही दिवस, मोटार खड्ड्यातून गेली की गाणे क्षणभर फाटल्यासारखे होई आणि पुन्हा नीट होई. पुतण्याने हे वाक्य वहीत उतरून घेतले आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

आमची संस्कृत विद्या येथे एकदा तोंडघशी पडली, तेही सांगून टाकतो. चारही मॉसफेट जळाले असतील तर एकच तपासून का भागू नये, शितावरून भाताची परीक्षा, ह्यासच आम्ही स्थालीपुलाकन्याय म्हणतो, असे आम्ही ऐटीने सांगितले. पुतण्या हसला. जोडीने लावलेल्या मॉसफेटांत हा न्याय चालत नाही. दोघांचे पाय एकत्र जोडलेले असल्यामुळे एक शॉर्ट असला की दोन्ही तसेच भासतात. एकत्र कुटुंबात कर्ज कोणाच्या नावचे ते बाहेरच्यास कळू नये, तसे. प्रत्येक सुटा करूनच मोजावा लागतो. मोजला, चारही गेलेले होते. त्यातील जे दोन पहिल्या खेपेस जुनेच ठेवले, तेही आता बदलावयाचे. जोडीतील भागीदार एका घाण्याचे नसले तर ओझे सारखे वाटले जात नाही, आणि जो अधिक वाहतो तो आधी मरतो.

मग गेटांचे रेझिस्टर. हे प्रत्येकी २२ ओहमचे. रंगांच्या पट्ट्या स्वच्छ, अंगावर काजळीचा डाग नाही. त्यांतील एक सोडवून मोजला तर मीटर काहीच दाखवीना; आतून तुटलेला. पुढे ड्रायव्हरचा आयसी. त्यातील वरच्या बाजूचा निकाल आणि खालच्या बाजूचा निकाल पुतण्याने शेजारी शेजारी लिहिला. दोन सारख्या बाजू असलेल्या यंत्रात ही तुलना मोठी उपयोगी पडते. छापील आकडे हाताशी नसले तरी निरोगी बाजू रोगी बाजूस साक्ष देते. खालच्या बाजूचा निर्गमाचा पाय जमिनीशी जवळजवळ जोडलेला आढळला. आयसी मेला होता.

"सापडला चोर!" आम्ही म्हणालो. "नाही काका," तो म्हणाला, "हा पण मार खाल्लेलाच आहे." त्याचे म्हणणे असे: मॉसफेट फुटताना त्याच्या आतील पडदा फाटतो आणि वरचा सारा दाब गेटवाटे उलट येऊन प्रथम रेझिस्टरवर व मग आयसीवर कोसळतो. म्हणजे मॉसफेट गेला म्हणून आयसी गेला. आता नवा आयसी, नवे मॉसफेट घातले की पेटी पुन्हा वाजेल, आणि पुन्हा चार दिवसांनी जळेल. धुरावरून अग्नीचे अनुमान करावे हे आम्ही जन्मभर शिकविले. पण धूर निघाला तेथेच आग लागली असे म्हणावयास ह्या पेटीत आधार नाही. धूर निघतो तेथे केवळ सर्वांत दुबळा मरतो.

ह्यापुढील युक्ती आम्हांस फार आवडली. त्याने बोर्डाचे सारे पाय सोडवून बोर्ड मुख्य पट्टीपासून अलग केला, नवा आयसी बसविला, आणि बोर्ड एकटाच टेबलावर ठेवून त्यास १२ व्होल्टांचा लहानसा पुरवठा दिला. वरच्या मजल्याची तरंगती जमीन तारेने खालच्या जमिनीस बांधली, म्हणजे शिदोरीचा कपॅसिटर येथेच भरावा. मग आत चौकोनी स्पंदने सोडून दोन्ही निर्गमांवर ऑसिलोस्कोप लावला. (हे यंत्र त्याने जुन्या बाजारातून घेतलेले, त्याच्या किमतीवरून घरात एकदा जेवण थंड झाले होते.) पडद्यावर दोन्ही बाजूंचे तरंग सरळ उभ्या कडांचे, देखणे. बोर्डात दोष नाही असेच कोणीही म्हणाले असते. आम्ही तर म्हणालोच.

तेव्हा त्याने पेन्सिल उलटी धरली आणि तिच्या रबराच्या टोकाने बोर्डावर हळूहळू टिचक्या मारीत गेला. बोर्ड मुख्य पट्टीवर उभा राहतो तो पितळी पायांच्या एका रांगेवर. त्या रांगेतील पाचव्या-सहाव्या पायाशी टिचकी पडताच खालचा तरंग पडद्यावरून नाहीसा झाला. पुन्हा टिचकी, पुन्हा हजर. आम्ही भिंग पुढे केले. पायाभोवतीच्या डाखात केसाहूनही बारीक असे एक काळे वर्तुळ दिसत होते. सांधा उकलला होता. स्थिर असता टेकलेला, म्हणून मीटरच्या बझरला तो अखंड वाटे. हादरा बसला की क्षणभर सुटे. औषधाने अथवा आहारविहाराने उतार-चढाव घडवून गूढ रोग ओळखणे ह्यास उपशय म्हणतात. येथे पेन्सिलीच्या रबराने तो घडविला.

संप्राप्ती आता आपोआप जुळली. ज्या क्षणी सांधा सुटला त्या क्षणी खालच्या मॉसफेटची घागर भरलेली असेल, तर ती उपडी करणारा हातच तुटला. गेटाजवळ १० हजार ओहमचा एक रेझिस्टर असतो, तो तिला झिरपून रिकामी करतो खरा. पण त्यास सेकंदाचे वीस-तीस दशलक्षांश तरी लागतात, आणि वरचा मॉसफेट तर दहा दशलक्षांशांच्या आतच उघडावयाचा. दोघे एकदम उघडे! पुढील कथा वाचकांस माहीत आहे.

राहिले निदान, म्हणजे मूळ कारण. डाख आपोआप उकलत नाही. पुतण्या मोटार पाहावयास गेला, आम्हीही मागोमाग गेलो. डिकीत वूफरची भली थोरली लाकडी पेटी, आणि ॲम्प्लिफायर तिच्याच अंगावर स्क्रूने ठोकलेला! ढोलावर घड्याळ बांधावे तसा प्रकार. वूफरच्या प्रत्येक ठोक्यास ती उभी पट्टी त्या पायांवर डोलत होती, आणि वर्षानुवर्षे डोलून सांधा शिणला. शिवाय जमिनीची तार रंगविलेल्या पत्र्यावर स्क्रूखाली दाबलेली. रंग खरवडून तीही नीट केली. हे कारण पेटीच्या बाहेर होते. ओटीवरच्या टेबलापाशी बसून ते जन्मात सापडले नसते.

दुरुस्तीचे उरलेले काम सरळ होते. त्या एकाच पायास नव्हे, तर रांगेतील सर्व पायांस जुना डाख काढून नवा दिला. एक शिणला तेथे शेजारी ताजे कसे असतील? चारही मॉसफेट एका घाण्याचे, ओळखीच्या दुकानातून आणलेले. नाव खोडून नवे छापलेला माल बाजारात येतो, म्हणून स्वस्ताईस भुलावयाचे नाही. प्रत्येकाच्या पाठीशी अभ्रकाचा पापुद्रा, तो हीट सिंकला आवळून घट्ट, आणि पाठ व धातू ह्यांचा स्पर्श नाही ना, हे बझरने पाहून घेतले. हीट सिंकला न आवळता "नुसते पाहू तरी" म्हणून पुरवठा देणाऱ्यांचे मॉसफेट काही क्षणांतच तापून जातात, असे त्याने बजावले. पहिला पुरवठा दिला तो मोटारीच्या दिव्याचा ५५ वॉटचा बल्ब मालिकेत लावून. आत शॉर्ट असला तर बल्ब लखलखीत पेटतो आणि ४-५ अँपिअरांपलीकडे प्रवाह जाऊ देत नाही. सारे ठीक असले तर क्षणभर उजळून मंदावतो. बल्ब उजळला, आमचा श्वास अडकला, आणि तो मंदावला. वरचा व खालचा दाब सारखा, स्पीकरच्या जागी दाब जवळजवळ शून्य. मग स्पीकर जोडला. सबंध रविवार पेटी ओटीवर वाजत राहिली आणि पुतण्या येताजाता तिला पेन्सिलीच्या टिचक्या मारीत राहिला.

पेटी परत देताना त्याने त्या गृहस्थांस काही लपविले नाही. सांधा पहिल्या खेपेसच सापडला असता, मी बोर्ड काढला नाही, असे सांगितले. मजुरी घेतली नाही. आणि ॲम्प्लिफायर डिकीच्या निराळ्या बाजूस, रबराच्या चकत्या घालून, स्वतः बसवून दिला. गृहस्थ फारसे बोलले नाहीत. मॉसफेटांचे पैसे मात्र आग्रहाने ठेवून गेले.

पुतण्याची एक वही आहे. तीत प्रत्येक कामास चार रकाने: काय बिघडले, काय मोजले, काय बदलले, आणि का बिघडले. त्या रात्री ती टेबलावर उघडी होती. शेवटच्या रकान्यात त्याने लिहिले होते, "बोर्डाच्या पायाचा सांधा, वूफरचा हादरा. पहिल्या वेळी तपासले नाही." आम्ही चष्मा लावला, त्याचीच लेखणी उचलली आणि खाली आमच्या अक्षरात लिहिले, "तपासणार होता. मोठ्या काकांनी तपासू दिले नाही." खाली तारीख घालून सही केली, आणि वही तशीच बंधूंच्या हाती नेऊन दिली. त्यांनी ती झोपाळ्यावर बसून पहिल्या पानापासून वाचली. काही बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही.

सकाळी आम्ही स्नान करून बाहेर आलो तो बंधू ओटीच्या चौकटीपाशी स्टुलावर उभे होते, आणि आमचे कुटुंब खाली टेपचे दुसरे टोक धरून उभे होते. "रुंदी किती भरली?" त्यांनी विचारले. "दोन फूट चार इंच," ती म्हणाली. "पुरेल," ते म्हणाले, "आपलं आडनाव लहान आहे."